टेबलामागं साडेसदतीस

सेलूच्या मंगल कार्यालयात औंदापासून पंगत बंद.
गोल टेबलं आली, चोवीस.
नवरदेवाच्या बहिणीनं पुण्याहून फोटो धाडला:
काचेच्या उंच भांड्यात पाणी, पाण्यावर मेणबत्त्या,
भोवती जांभळी फुलं, वास नसलेली वाटावीत अशी.
खाली लिहिलेलं, ‘एवढं सिंपल केलं तरी चालेल.’

डेकोरेशनवाल्यानं सिंपलचे टेबलामागं सहाशे सांगितले.
भाऊजी जिंतूर डेपोत मेकॅनिक.
पत्रिकेच्या पाठीवर त्यांनी गुणाकार केला,
पेनाला टोपण घातलं
आणि माझ्याकडं बघितलं.
मी शिवणकाम करते. उरल्यासुरल्यातून
हिला काहीतरी जमतंच, असं घरात धरून चालतात.
ताईनं नऊशे रुपये दिले.
नऊशे भागिले चोवीस.

झेंडू लग्नतिथीला दीडशे रुपये किलो. राहू दे.

स्टेशन रोडला लतीफभाईंची गोटीसोड्याची गाडी.
आता प्लास्टिक आलं, काचेच्या हिरव्या बाटल्या
गाडीखाली खोक्यात धूळ खात होत्या.
‘विकत नाही,’ म्हणाले. ‘उसन्या ने.
मोजून नेशील, मोजून आणशील.’
चोवीस मोजल्या. प्रत्येकीत गोटी खुळखुळत होती,
जणू कुणी काही सांगता सांगता थांबलं होतं.

मग बांध.
वाळलेली करडई, टोकाला अजून केशरी,
हाताला काटे किती लागले ते मोजलं नाही.
पऱ्हाटीची काटकी, वेचणीत राहून गेलेल्या एका बोंडासकट.
ज्वारीचं कणीस. बाटलीत एकच.
दोन घातली की बाजार वाटतो,
एक घातलं की ते मान वाकवून बसतं.
ताई म्हणाली, ‘काय करायलीस माय? लग्न हाय का खळं?’
मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, म्हणून बोलले नाही.
गोटीच्या चिमट्यातून काटकी जात नव्हती;
चोवीस काटक्या विळीवर तासल्या.
प्रत्येक गळ्याला पट्टी बांधली, स्वरूपाच्या ब्लाउजच्या कात्रणाची.
उरेब कापलेली. सरळ कापली तर
कापड गळ्याशी भांडतं.

लग्नात मावशी जालन्याच्या, टेबल तीन,
त्यांनी बोलता बोलता बोंड उपटलं,
सरकी काढून ताटाच्या कडेला ठेवली
आणि मांडीवर वात वळली.
टेबल सातला पोरं बाटली उलटी करून
गोटी खाली आणायची शर्यत खेळली.
अकराला एका म्हाताऱ्यानं कणीस तळहातावर चोळलं,
फुंकर मारली, दाणे निरखले.
‘मालदांडी हाय का?’
वरमाईच्या पदराला करडई अडकली,
सोडवायला तिघी लागल्या. तिघींची ओळख तिथंच झाली.
गुलाबजाम येईस्तोवर निम्मी टेबलं लुटून झाली होती.
मला राग यायला पाहिजे होता.

पुण्याची बहीण वाकून फोटो काढत होती.
‘मस्तंय. कुठून हायर केलं?’
‘लतीफभाईंकडून,’ म्हटलं.
तिनं नाव मोबाईलवर लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी बाटल्या धुतल्या,
भाऊजी स्कूटरवर खोकं धरून माझ्यासोबत आले.
लतीफभाईंनी मोजल्या. पुन्हा मोजल्या.
तेवीस.
मी पर्स उघडली; नऊशेतले अजून दोनशे चाळीस होते.
‘विकत नाही म्हणलो होतो ना,’ ते म्हणाले.
रागानं नाही, फक्त आठवण करून.

भाऊजी रस्त्याच्या पलीकडं बघत होते,
तिथं बघण्यासारखं काही नव्हतं,
एक बंद लॉन्ड्री.
‘डेपोत हाय,’ म्हणाले. ‘माझ्या टेबलावर. पान्यांजवळ.
कणीस अजून झडलं नाही.’
मग खिसा चाचपला, पैशासाठी नव्हे.
‘आणून देतो, भाई.
एवढा महिना राहू द्या.’